उंचीचा रकाना

दाजी पेठेत डोंगर नाही.
गच्चीवर जाऊन चारी बाजूंना बघितलं
तर पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेले टॉवेल,
आणि त्यांच्यापलीकडे ऊन, आडवं पडलेलं.
इथे बसून मी डोंगरांचा नकाशा करते.

बोट ठेवलं की डोंगर बोलला पाहिजे:
माझं नाव कुठल्या भाषेतून आलं.
एवढंच काम. तीन महिने झाले.

भाषेला रंग द्यायचा, तिथेच अडले.
कन्नडला हळदी दिला, तेलुगूला मोरपंखी,
मराठीला विटकरी.
फारसीला काय देऊ, बाबांना विचारलं.
चाळीस वर्षं सुताच्या हौदात
कोपरापर्यंत हात घातलेला माणूस,
नखं अजून जांभळी.
म्हणाले, "कुठलाही दे. पक्का दे."

अक्कलकोटहून बसलिंगप्पा हत्तुरे फोन करतात,
"गुड्ड आमचं हं, लक्षात ठेवा."
मी म्हणते, घरी आम्ही गुट्टा म्हणतो.
ड पासून ट पर्यंत
एसटीनं तास लागतो, मधे वळसंगला थांबते.

मलयगिरीवर रात्र गेली.
मलै म्हणजे डोंगर, गिरी म्हणजे डोंगर.
कुणा परक्यानं विचारलं असेल, हे काय?
समोरचा म्हणाला असेल, डोंगर. दुसरं काय.
परक्याला वाटलं, नाव सांगितलं.
त्यानं ते जपून ठेवलं
आणि वर आपला एक डोंगर ठेवला.

मग बालाघाट, बार्शीच्या अंगाची रांग.
बाला फारसी, म्हणजे वरचा. घाट इथलाच.
प्रोग्राम विचारतो: एक भाषा निवडा.
मी निवडत नाही. तो पुढे जात नाही.
पंखा बंद, वीज गेलेली, मांडीवर लॅपटॉप तापलेला.
बाबा वाकून बघतात,
"ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या.
धूपछाव म्हणतात त्याला. तुमच्यात नाही का?"
आमच्यात नव्हतं.
दोन दिवस घालून केलं:
बोट डावीकडून नेलं की नाव विटकरी,
उजवीकडून आलं की दुसरंच.

ज्यांचा उगम सापडला नाही ते राखाडी करणार होते.
बाबा म्हणाले, राखाडी काय फुकट येतो?
तोही घालावाच लागतो.
कोरं ठेव.
कोरं म्हणजे न रंगवलेलं, एवढंच.
सह्याद्रीपाशी मी बराच वेळ थांबले, आणि कोरा ठेवला.

आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती.
हजाराचा हिशेब तोंडात, तरी कान इकडे.
"कोंड एक्कड उंदि?" डोंगर आहे कुठे?
मी स्क्रीन वळवली, झूम केलं, सोलापूर आलं.
सपाट. नुसते रस्ते.
"आणि राखेचा?"

मी विसरले होते.
गिरणीच्या मागे, बॉयलरची राख,
शाळा सुटली की आम्ही त्यावर.
आम्ही बूडिद गुट्टा म्हणायचो,
महानंदा आणि तिचे भाऊ बूदि गुड्ड,
शबानाच्या घरात राख का पहाड,
मास्तर हजेरी घेताना, कोण कोण टेकाडावर गेलं होतं?
पायांवरून आम्ही कुणीच ओळखू येत नव्हतो,
सगळे करडे, गुडघ्यापर्यंत.

पुढे गिरणी बंद पडली. ट्रक आले.
राख विटांच्या भट्टीवर गेली.
आपली मागची भिंत त्याच विटांची, आई म्हणते.
बाबा म्हणतात, छे, त्या कुंभारीच्या.

मी पिन लावली, जिथे आता पत्र्याची गोदामं आहेत.
चार नावं, चार रंग,
चारही बाजूंनी बोट नेऊन बघितलं.
खाली उंचीचा रकाना. लाल चौकट:
आकडा भरल्याशिवाय जतन होणार नाही.

आई, किती होता गं?
तिनं सुपातली मान वर न काढता
हात वर केला, एवढा.
हातात अजून तेंदूचं पान होतं.