यंदा जाऊ

तीस वर्षं तो डोंगर
गाठोडी बांधून खाली येतोय माझ्याकडे.
सोमवारी, गुरुवारी, नाताळात रोज.
मी त्याला डागांवरून ओळखते.
चॉकलेट म्हणजे पोरांना सुट्टी लागली,
मेण म्हणजे कुणीतरी स्की पलंगावर ठेवून घासली,
लाल वाईन म्हणजे शेवटची रात्र,
आणि अभ्र्यावर थोडं रक्त,
तेवढं मात्र गार पाण्यानेच काढायचं.

वर कधी गेले नाही.
दिव्याखाली अंधार असतो
तशा डोंगराखाली आम्ही.

झुबिदा म्हणाली, यंदा जाऊ.
मशीनच्या घरघरीत मला 'धुऊ' ऐकू आलं.
म्हटलं, अगं, धुतोच आहोत की.

मग जेवणाच्या सुट्टीत
इस्त्रीच्या टेबलावर नकाशा पसरला.
सवयीने मी आधी त्याच्या घड्या दाबून काढल्या.
केवढ्या रेघा! हिरव्या, निळ्या, लाल, काळ्या,
जणू पांढऱ्या चादरीवर शाई सांडली
आणि कुणी घाबरून बोटांनी पुसायला गेलं.
हिरवी सगळ्यात सोपी, झुबिदा सांगते,
तिच्या भाच्याने सांगितलंय.
पाळणे मोजता मोजता चाळिसाच्या पुढे हिशेब चुकला.
आपल्याला एकच पुरे, तळाचा.
तो पाळणासुद्धा नाही, नुसता सरकता पट्टा,
उभं राहायचं, वर नेतो.
जन्मात पहिल्यांदा पट्ट्यावर आपण,
आणि उचलायला काही नाही.

जानेवारीचा दुसरा आठवडा ठरला,
गर्दी ओसरलेली, दरही.
मादाम फावरने रजा दिली ती अशी,
जणू आम्ही डोंगरच मागितला होता.
धुलाईच्या चिठ्ठीमागे हिशेब मांडला:
कोट भाचीचा, हातमोजे विकत,
हेल्मेट भाड्याने, शिक्षक पाच सकाळी.
शिक्षकापाशी झुबिदाची पेन्सिल अडली.
म्हटलं, असू दे गं,
शिकण्याचे वाचवून हाडवैद्याला द्यायचे का?

सामानाच्या दुकानाला सगळं कळवावं लागतं.
वय, उंची, वजन, बुटाचा नंबर,
स्की किती येते.
झुबिदाने सहा किलो हळूच उतरवले.
फोनवरचा पोरगा, आवाजावरून विशीतला,
वजन ऐकून क्षणभर थांबला, मग म्हणाला,
मादाम, बुटाची पकड वजनावर बसवतो आम्ही.
सैल बसली तर भलत्या वेळी सुटेल,
घट्ट बसली तर पडताना सुटणारच नाही,
आणि गुडघा जाईल.
झुबिदाने सहा किलो परत घेतले,
वर दोन खरे घातले.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ
एकाच अभ्र्यावर इस्त्री फिरवत राहिले.
गास्तोंशी लग्न करताना
असलं काही विचारलं नव्हतं कुणी,
किती ओढ बसली की सोडायचं ते.
गुडघे माझे शाबूत आहेत.

संध्याकाळी सगळ्या गेल्यावर
ओल्या फरशीवर, मोज्यांत, आम्ही दोघी.
गुडघे वाकव. नडगी पुढे. टाचा बाहेर.
बोटं एकमेकींकडे, भांडलेल्या जावांनी
लोकांपुढे बोलावं तशी.
झुबिदा सरकली, वाफेच्या नळाला लटकली,
आणि तिथूनच ओरडली, हे मोजायचं का पडण्यात?

वरच्या हॉटेलांचे दर ऐकून
आम्ही खालच्या वाडीत खोली घेतली,
दोन पलंग, एक शेगडी, थांब्यापासून सात मिनिटं.
पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात:
चादरी आपापल्या आणाव्यात.
झुबिदा वाचता वाचता
गाठोड्यांवर बसली ती हसतच राहिली,
डोळे पुसायला तिला
कुठल्याशा हॉटेलचा टॉवेल दिला मी.

माझ्याकडे घरच्या दोन आहेत, फुलांच्या,
उशाशी विरलेल्या.
कधी इस्त्री केली नाही त्यांना.
तशाच नेईन.