बाराशे रियालपर्यंत

सहमच्या अलीकडे तुझ्या सनीने मान टाकली,
बॉनेटमधून वाफ,
आणि तू फोनवर म्हणालीस, "काही नाही, जरा तापलीय."
आईच्या दुखण्याबद्दलही तू दोन वर्षं हेच म्हणत होतीस.
कुंजुमोनने हेड उघडलं, पाहिलं, परत झाकलं.
"चेचीला दुसरी घ्या," म्हणाला, आणि हात पुसत राहिला.

मग मी वही काढली.
मी, कंपनीच्या बसने पोर्टवर जाणारा स्टोअरकीपर,
ड्रमच्या टेस्टला तीनदा पिंपं पाडली,
चौथ्यांदा गेलोच नाही.
घरात लायसन एकच, तुझ्या पर्समध्ये.
तरी गाडी मी बघायची, हे कुणी ठरवलं
ते दोघांपैकी कुणीच विचारलं नाही.

बाराशे रियाल.
त्यातले तीनशे भिशीचे, शंभर माझ्या दाढेचे;
दाढ अजून वर्षभर कळ काढेल,
तसं तिला सांगून टाकलं.

रोज संध्याकाळी सनैय्यात.
पायपुसणी उचलून वास घ्यायला शिकलो,
सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायला शिकलो.
वादळाच्या वर्षी बुडालेल्या गाड्या
वरून नवरीसारख्या नटलेल्या,
पण पट्ट्याच्या पार टोकाला
वादीच्या गाळाची बारीक पिवळी रेघ.
इतका कोण ओढतो?
मी ओढायचो, स्टोअरात दोरखंड मोजावा तसा,
आणि विकणारा हळूच दुसरीकडे बघायला लागायचा.

तुला काय हवं, हे मी वहीत लिहिलं होतं:
एसी, मायलेज, टायरचं साल.
तू पहाटे पाचला डायलिसिसच्या वॉर्डात जातेस,
लोकांचं रक्त बाहेर काढून धुऊन परत आत घालतेस,
दुपारी टाचा धरून घरी येतेस.
ते कुठल्या रकान्यात लिहायचं, कळलं नाही.

शेवटी उस्ताद इद्रीस भेटले.
सुदानी, सतरा वर्षं इथे गणित शिकवलेले.
पांढरी यारिस, दोन हजार बाराची,
पाची पट्टे टोकापर्यंत स्वच्छ,
फक्त मागच्या एकावर बॉलपेनने
कुण्या पोराने काढलेला मासा.
"परत जाताय?" मी विचारलं.
"निघतोय," ते म्हणाले. कुठे, ते नाही सांगितलं.

तेराशे पन्नास म्हणाले.
लिफ्टमध्येच तुला बजावलं होतं:
आवडली तरी तोंड पाडून राहा,
फक्त "बघू" म्हण.
तू मान हलवलीस, पिशवीतून सनीतली उशी काढलीस,
ड्रायव्हरच्या सीटवर ठेवलीस
आणि एकटीच गेलीस, राउंडअबाउटपलीकडे.

दहा मिनिटं. वीस.
गाफच्या झाडाखाली आम्ही दोघे.
हवामान झालं, कांद्याचा भाव झाला,
त्यांच्या धाकट्याची दहावी झाली.
पंचविसाव्या मिनिटाला तू आलीस, काच खाली केलीस.
"टाकी फुल्ल केली. काटा अगदी तळाला गेला होता, बिचारा."

आता काय घासाघीस करणार, कपाळ!
मी वहीतल्या बाराशेवर अंगठा ठेवला.
उस्ताद बराच वेळ हसले, मग डोळे पुसून म्हणाले,
"साडेबाराशे. पावती दाखवा."
आणि माझ्याच पेनाने, माझ्याच वहीत
सात रियाल आठशे ऐंशी बैसा
हातचा घेऊन वजा केले,
उत्तराखाली दोन रेघा मारल्या.

वरचे बेचाळीस रियाल एकशे वीस बैसा
कुठून येणार, ते दाढेला लगेच कळलं.

मुल्किया झाली, किल्ली तुझ्या हातात.
परतताना मी शेजारी, मांडीवर वही,
गाडी सारखी पिंपिं करतेय.
कुंजुमोनला दाखवायला हवी, सेन्सर असेल,
वायरिंग असेल, मी म्हणालो होतोच—

"अहो," तू म्हणालीस, रस्त्यावरची नजर न काढता,
"पट्टा लावा."