इंजिन बंद

रोजगार कार्यालयाने सहा भेटी मंजूर केल्या.
पत्रात लिहिलं होतं: लाइफ कोच.
म्हटलं, सत्तावन्न वर्षं जगून झाली,
आता कसली शिकवणी?

बाई तिशीची. नाव साइमी. पायात लोकरीचे मोजे,
बूट दाराशी काढलेले, माझ्या बुटांशेजारी.
भिंतीवर सूर्योदय नव्हता, सुविचार नव्हता.
एक बंद घड्याळ होतं,
त्याबद्दल तिने आधीच माफी मागितली.

एकतीस वर्षं मी तीन नंबरच्या कागदयंत्रापाशी उभा होतो.
डावा कान त्याने ठेवून घेतला.
ती हळू बोलायची, मला पुढे वाकावं लागायचं,
आणि वाकलेला माणूस फार वेळ रागावू शकत नाही,
कंबर भरून येते.

"काल दुपारी चार वाजता कुठे होतात?"
म्हटलं, कामात.
"कुठल्या?"
ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवणार?

सांगून टाकलं.
गिरणीच्या फाटकासमोर. गाडीत.
इंजिन चालू, हीटर चालू, थर्मास मांडीवर.
फाटकाला साखळी, साखळीवर बर्फ.
पाळी सुटायच्या वेळेपर्यंत बसतो,
मग घरी जातो.
आउनेला वाटतं, मी काम शोधतोय.
किंवा तिला सगळं ठाऊक आहे
आणि ती बटाटे सोलत राहते.

आता ही म्हणणार, जाऊ नका तिथे.
तिने विचारलं, "थर्मासात किती कप मावतात?"
चार.
"तुम्ही पिता किती?"
दोन.
तिने वहीत काहीतरी टिपलं.
"उद्याही जा," म्हणाली,
"फक्त इंजिन बंद करा, आणि एकदा खाली उतरा."

एवढंच!
आणि याचे पैसे सरकार देतं.

पहिल्या दिवशी नाही जमलं.
दुसऱ्या दिवशी किल्लीपर्यंत हात गेला.
तिसऱ्या दिवशी फिरवली.
उणे अठरा. काचेवर माझाच श्वास गोठू लागला.
दार उघडून बर्फात पाय ठेवला, करकर वाजलं,
आणि मग, माझं इंजिन गप्प झाल्यावर,
उजव्या कानाला ऐकू आली
दुसरी इंजिनं.

दोन गाड्या. पाइनच्या झाडांखाली,
दिवे मालवून, शेपटाकडून धूर सोडत.
किती दिवसांपासून, कोण जाणे.
माझ्या आरशात कायम वाफ असायची.

एकीत राउनो होता, पॅकिंगमधला.
दुसरीत हेम्मो, ज्याच्याशी मी नऊ वर्षं बोललो नव्हतो
एका हरवलेल्या पान्यावरून.
काचेवर बोटाने वाजवलं.
त्याने काच चार बोटं खाली घेतली,
फटीतून आम्ही एकमेकांकडे पाहिलं,
चोरी पकडलेल्या पोरांसारखे.
"कॉफी आहे," मी म्हटलं. "दोन कप उरतात."

पान्याचा विषय निघाला नाही. अजून निघालेला नाही.

साइमीला सांगितलं तेव्हा ती टाळ्या वाजवेल असं वाटलं होतं.
तिने विचारलं, "आणि आउनेला?"
त्या प्रश्नावर पुढच्या दोन भेटी गेल्या.
मग एका रात्री बटाटे मी सोलले, जाड साली काढत,
आणि सगळं सांगितलं.
आउने म्हणाली, "साली बारीक काढ,"
आणि खुर्ची जवळ ओढून बसली.

सहाव्या भेटीला मी नवा सेल घेऊन गेलो,
भिंतीवरचं घड्याळ उतरवलं.
चाललं नाही.
"राहू द्या," ती म्हणाली.

काम अजून मिळालेलं नाही.
शुक्रवारी आम्ही तिघं कुंपणाला फेरी मारतो,
अकरा मिनिटं लागतात,
हेम्मोचा गुडघा दुखत असला तर पंधरा.

आज तिथे एक चौथी गाडी होती.
दिवे बंद, इंजिन चालू.
राउनो निघाला होता काच वाजवायला.
मी त्याची बाही धरली.
"आज बसू दे त्याला," म्हटलं,
"कप जास्तीचा ठेवू."
आणि आम्ही त्याला दिसेल असे
उभे राहिलो, पाय आपटत.