चावीवाला

प्रत्येक ओळीत डावीकडे चावी, उजवीकडे किंमत,
मध्ये बरोबरचं चिन्ह.
एवढंच मी सांगितलं, तर रोहिदास खुटवड
खांद्यावरची चावी भिंतीला टेकवून म्हणाले,
आमची बी चावीच की. फकस्त सात किलो वजन.

पाच फुटी लोखंडी टी.
रस्त्यातल्या झाकणाखाली उतरवायची,
अकरा आटे फिरवायचे,
की धनकवडीच्या सतरा गल्ल्यांतले नळ खोकायला लागतात.
एकोणतीस वर्षं, पहाटे साडेचारला.
आता पद्मावतीच्या पंपिंगवर एक पेटी बसली आहे.
ती फाइल वाचते आणि व्हॉल्व आपले आपण फिरतात.
खुटवडांचं डोकं त्या फाइलीत उतरवायचं
हे माझं काम.

चिन्हाच्या अलीकडची-पलीकडची मोकळी जागा पेटी गाळते.
शब्दांमधली ठेवते.
चौकटी कंसात गल्लीचं नाव;
पुढचा कंस येईपर्यंत खालचं सगळं तिचंच.
"म्हंजे सासरचं नाव लागलं की लागलं."
तसंच.
हो, होय, चालू, १: चारही पेटीला एकच.
"आन् बघू?"
बघू चालत नाही.
"मग महापालिकेचं कसं व्हायचं वो?"

एकच चावी दोनदा लिहिली
तर शेवटची खरी.
यावर त्यांनी बशीतला चहा तसाच ठेवला.
मग म्हणाले, सातबाऱ्यावर माझ्या भावानं हेच केलं.

ओळीच्या तोंडाशी # असला
की पेटी ती ओळ बघतच नाही.
तिथे मी त्यांचं बोलणं लिहीत गेले:

# तळजाईच्या चढाला आधी दहा मिनिटं हवा निघते, पाणी मागनं
# बोळाच्या टोकाला कुदळेबाई, एकाच हातानं बादली उचलतात
# गुरुवारी बंद असलं तर बुधवारी दोन आटे जास्त
# मांडव दिसला की पाच. कुणाचा ते विचारायचं नाही

किमतींच्या ओळी साठ.
या अशा, दोनशे दहा.

चूक माझी.
एका रात्री घाईत लिहिलं:

[कुदळे बोळ]
मिनिटं = 45 # खुटवडांना विचारून

वाटलं, # च्या पुढचं गळून जाईल.
पण तोंडाशी असेल तरच ते टिपण;
मध्ये आलं तर किमतीचाच भाग.
पेटीनं एका दमात वाचलं
पंचेचाळीस हॅश खुटवडांना विचारून,
हा काही आकडा नव्हे, म्हणून ओळ सोडून दिली,
नोंदवहीत एक इशारा टाकला
जो मीही वाचला नाही,
आणि मूळची किंमत धरली: पाच.
पाच मिनिटांत त्या चढाला
नुसती हवा येते.

तीन दिवस.
चौथ्या सकाळी कुदळेबाई पंपिंगवर आल्या,
डाव्या काखेत रिकामी कळशी.
मी स्क्रीन वळवून त्यांना ओळ दाखवत होते,
हे बघा, लिहिलं होतं मी, इथे.
त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला,
एकेक अक्षर लावून वाचलं.
विचारून असं लिवलंय की, म्हणाल्या,
मग विचारलं का न्हाई?

टिपण वरच्या ओळीत नेलं. एक एंटर.
पाणी आलं.

महिनाअखेरीस खुटवडांनी चावी भांडारात जमा केली.
भांडारपालानं रजिस्टरात लिहिलं:
चावी, लोखंडी, नग एक.
किमतीचा रकाना कोरा ठेवला.

माझ्या फाइलीत कोरी किंमत ही चूक धरत नाहीत.
चावी, बरोबर, पुढे काहीच नाही:
म्हणजे आधीचं होतं नव्हतं ते पुसा,
इथून नव्यानं मोजा.
नियम मला पाठ आहे.
सतरा गल्ल्यांपैकी एकीलाही
ती ओळ मी अजून लिहिलेली नाही.