फक्कीची रेघ

एरवी या धावपट्टीवर तूर वाळते.
तालुक्याला शंभर वर्षं झाली
म्हणून तिच्यावर विमान कोलांट्या मारणार होतं,
आणि कबड्डीचं मैदान दरसाल मीच आखतो
तर ही रेघही काळमेघ मास्तरानंच आखावी
असं तहसीलदारांनी ठरवलं.

टेप पन्नास मीटरचा, पहिले तीन मीटर तुटलेले.
दोनशे तीस मोजायचे, दर ताणाला तीन वजा.
मी म्हटलं, मॅडम, एवढ्या लांबून
लोकांना विमानाची चाकंही दिसायची नाहीत.
नागपूरहून आलेल्या गेडाम मॅडम ढेकळावर उभ्या होत्या.
लहानपणी गोफण फिरवलीत?
फिरवली. मचाणावरून, ज्वारीतल्या चिमण्यांवर.
दोरी सुटली की दगड कुठं जातो?
ज्या तोंडानं निघाला त्याच तोंडानं, मी म्हणालो,
समोर कोण आहे ते तो पाहत नाही.
मग झालं तर, त्या म्हणाल्या,
आणि फक्कीचं घमेलं माझ्याकडं सरकवलं.

रात्री शाळेच्या व्हरांड्यात तक्ता भरला.
धोका, शक्यता, परिणाम, कोण बघणार.
घारी: खाटकांचा खड्डा बुजवणे. वनरक्षक तितरमारे.
हे नाव मॅडमनी दोनदा वाचलं
आणि त्या दिवसात एकदाच हसल्या.
जिनिंगचं पत्र्याचं छप्पर: शिडी काढून घेणे.
दवाखान्याच्या गाडीची वाट: फुटाणेवाल्याला हटवणे.
पुढं माझं नाव.

गिरजाबाई ठवकर कुठल्याच रकान्यात नव्हती.

सकाळी दहाला रेघेच्या पलीकडं,
पऱ्हाटीत कमरेएवढी, ओटी बांधून
ती एकटी वेचत होती.
मी शिट्टी फुंकली. तिनं पाहिलं, पुन्हा वाकली.
धुऱ्यावरून पळत गेलो तर म्हणते,
वावर माह्यं हाय मास्तर, मी काहून निघू?
त्याले म्हणा, तिकडून उड.
बोंडं फुटली, वारा सुटला तं कापूस मातीत जाईन.

इकडं चार हजार माणूस, झेंडे, लाऊडस्पीकर,
आमदारांची गाडी आलेली.
मॅडम वायरलेसवर म्हणाल्या, थांबवा.
किती वेळ? कुणीतरी ओरडलं.
बाईंची किती तासं राहिली?
चार.
मग चार तासं.

मी तास धरलं, तितरमारेनं दुसरं.
तलाठी बूट काढून आला, त्याला बोंड धड काढता येईना.
लाऊडस्पीकरवाल्यानं देशभक्तीची गाणी संपवली
आणि तीच पुन्हा सुरू केली.
लोकांनी शिट्ट्या मारल्या, मग फुटाणे खाल्ले.
तिसऱ्या तासाशी गिरजाबाईच म्हणाली,
जाऊ द्या आता, उरलं ते उद्या,
आणि गाठोडं डोक्यावर घेऊन
आमच्या पुढून रेघ ओलांडून गेली.

मग ते उडालं.
लाल, पांढरं, हातभर.
उलटं झालं, धूर सोडला, सूर्यात शिरलं.
पोरं ओरडली. मी वर पाहिलंच नाही.
मी माणसांच्या पायांकडं पाहत होतो,
फक्कीवर कोणाची चप्पल येते का.
दोनदा आली. एकदा माझ्याच मुलाची.

दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी:
कार्यक्रम उत्साहात पार पडला.
रेघेवरून शेळ्या चालत गेल्या.

तिसऱ्या दिवशी गिरजाबाई शाळेत आली.
पदराच्या गाठीत तळहाताएवढं झाकण,
ॲल्युमिनियमचं, एका बाजूला स्क्रूचं भोक फाटलेलं.
कुठं मिळालं? तिनं नेऊन दाखवलं.
त्याच चौथ्या तासात, न वेचलेल्या.
दोन झाडं मधोमध मोडलेली.

टेप घेऊन पुन्हा मोजलं, दर ताणाला तीन वजा.
रेघेपासून एकसष्ट मीटर अलीकडं.
मॅडमना फोन केला. त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या,
लहान वस्तू असं लिहू नका. वजन करून लिहा.
किराणा दुकानात वजन केलं. एकशे दहा ग्रॅम.
मारोतरावनं विचारलं, कायचं आहे?
मी म्हटलं, वरून आलं.

तक्त्यातला शेवटचा रकाना अजून माझ्याकडं आहे.
परिणाम. तिथं लिहायचं: काही नाही.
पेन दोनदा टेकवला.
गिरजाबाई दारात उभी होती,
झाकण परत देता का म्हणत होती,
चुलीवरच्या तव्याला बेतात बसते.