फुंकर

श्वास भरून घे, म्हणते मी, आणि पंधरा आकडे थांब.
मग ह्या नळीत सोड. सावकाश, तळापर्यंत.
कर्स्टी थांबते, डोळे छताकडे.
बाहेर ग्रिम्सबीचं बंदर, नुसता वारा,
आणि धुरी दिलेल्या हॅडॉक माशाचा वास,
जो ह्या गावात कपाटातल्या टॉवेलांनाही असतो.

यंत्रावर आकडा चढतो. चारच्या पुढे लाल दिवा.
नऊ. चौदा. सतरा.

"बॉयलर असेल," ती म्हणते, "मालक दुरुस्तच करत नाही."
बॉयलर, असं मी लिहून घेते. तोही तपासावा लागतो, खरंच.
उजव्या हाताची दोन बोटं हळद लागल्यासारखी पिवळी,
ती हळूच मांडीखाली सरकवते.

धुरातला वायू रक्तात प्राणवायूची जागा अडवतो,
एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून धरतात तशी,
आणि बाळ उभ्यानं प्रवास करतं, दांड्याला लोंबकळत.
हे मला इंग्रजीत सांगता येत नाही.
इंग्रजीत मी पत्रक देते.

तिला बोल लावायला तोंड उघडलं
की मिरजेच्या मोरीतला पत्र्याचा डबा आठवतो.
आई तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची,
सगळ्या आळीला ठसका.
मग डाव्या तर्जनीवर मशेरी:
सकाळी, दुपारी, भांडण झालं की,
सातव्यात पाय सुजले तेव्हा,
कळा सुरू झाल्या तेव्हासुद्धा.
माझं वजन कुणी केलं नाही.
चपलांच्या खोक्यात कापूस घालून ठेवली होती, आत्या सांगायची.
डॉक्टर म्हणाले, बाई अशक्त आहे, गूळ-शेंगदाणे द्या.
ती खायची. दात घासून झाल्यावर.

कर्स्टीनं दंडाला चिकटपट्ट्या लावल्या,
विसाच्या आठ केल्या, आठाच्या तीन.
मग कॅलम समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला गेला
आणि फोन उचलेनासा झाला,
त्या आठवड्यात परत बारा.
हे मला नंतर कळलं. तेव्हा म्हणाली होती, शून्य.
मी शून्य लिहिलं होतं.

अडतिसाव्या आठवड्यात मुलगी.
दोन किलो एकशे वीस.
रडायला अकरा सेकंद लागले, मी मोजले,
आणि रडली तीही मांजराच्या पिलाएवढंच.
वार ताटात उलटी करून पाहिली:
लहानशी, आणि कडेनं पांढरी कच,
पानाला चुना फासावा तशी.
मी झाकण घातलं.

वर काचेच्या पेटीत, नाकात दुधाची नळी.
दर तीन तासांनी टाचेतून थेंब,
साखर खाली, साखर जरा वर, पुन्हा खाली.
नाव ठेवलं आयला.
आयला!
"छान आहे ना?" कर्स्टी विचारते.
फार छान, म्हणते मी मास्कच्या आतून,
आमच्याकडेही घेतात हे नाव, उठता-बसता.

तिसऱ्या रात्री पाळी संपल्यावर मी वर गेले.
ती स्टुलावर, कोट अंगात, नुकतीच खालून आलेली.
"माझ्यामुळे?"
अनेक कारणं असतात, हे वाक्य जिभेवर तयार होतं.
म्हटलं, "काही अंशी. हो."
ती बराच वेळ काही बोलली नाही. मीही नाही.
कुठल्यातरी पेटीचं यंत्र वाजलं, कुणीतरी बंद केलं.
मग म्हटलं, "माझी आईसुद्धा."
तिला ते कळलं की नाही कोण जाणे.

नर्स आली, टाच टोचून गेली.
आयला तोंड वेडंवाकडं करून आवाज शोधू लागली.
कर्स्टी उठली. कोट काढून दाराबाहेर ठेवला.
कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले, वास घेऊन पाहिला,
तिसऱ्यांदा धुतले.
मग पेटीकडे पाठ करून
आतला सगळा श्वास भिंतीवर सोडला, तळापर्यंत,
नवा घेतला,
आणि गोल खिडकीतून त्या एवढ्याशा टाचेवर
फुंकर घातली.

फुंकर मारू नये, जंतू जातात, असा नियम आहे.
मी घड्याळ पाहिलं. तीन चाळीस.
खाली बसस्टॉपवर जाऊन पहाटेच्या बसची वाट पाहिली.