या

चाकणच्या कंपनीत दिवसभर
मी दुसऱ्यांची वाक्यं वाहते.
गिअरबॉक्समधली घरघर, सहा मायक्रॉनची चूक,
‘विचार करून सांगतो’ म्हणजे ‘नाही’.
रात्री कोथरूडला, कुकर उतरवल्यावर,
तोमोए कुसाकाबे यांच्या तीन ओळी.

वय एकाहत्तर, गाव कुराशिकी.
एकोणचाळीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे
पार्सलं जोखली त्यांनी.
कविता तिथंच सुरू झाली,
रद्द पावत्यांच्या पाठीवर,
एक गिऱ्हाईक गेलं आणि दुसरं आलं नाही तेवढ्यात.
म्हणून इतक्या आखूड का, मी विचारलं.
म्हणाल्या, नाही, तिकिटं महाग होती.
हसल्या नाहीत.
विनोद होता की हिशेब, मला अजून कळलेलं नाही.

नवरा गेला त्या वर्षीची एकच कविता आहे:

    थंडीची पहाट
    दोघांचा चहा टाकला
    पिऊन टाकला

हे दोन ‘टाकला’ मूळात नाहीत.
तिथं दोन वेगळी क्रियापदं आहेत, सभ्य, अंतर राखून बसलेली.
मी घाबरत कळवलं.
उत्तर आलं: तुमच्या भाषेत तो चहा जास्त गार झाला. राहू द्या.

मागच्या कार्तिकात अकरा दिवस पुण्यात होत्या.
जो तो त्यांना सिंहगड रस्त्यावरच्या जपानी बागेत नेई.
पूल पाहिला, मासे पाहिले, वाकून म्हणाल्या,
सुंदर आहे. हे माझ्याकडे आहे.
मग प्रभात रोडच्या एका गल्लीत रिक्षा थांबवायला लावली.
बुचाची फुलं पडली होती, लांब देठांची,
आणि शेवंता ओव्हाळ ती झाडत होत्या.
ह्या फुलांचा ऋतू कोणता, तोमोएबाईंनी विचारलं.
मी मराठीत वाहून नेलं.
शेवंताबाईंनी झाडू न थांबवता सांगितलं,
‘दोन पाट्या.’

ते त्यांनी तस्संच लिहून घेतलं.
त्यांच्याकडे ऋतूंच्या शब्दांचे जाड कोश असतात,
त्यात पुणं नाही.
म्हणून एक नवी वही:
बूच, दोन पाट्या.
पेरूवरचं तिखट-मीठ.
वेताळ टेकडीवर गवताचा रंग उडतो तो आठवडा.
पंखा बंद ठेवून झोपलेली पहिली रात्र.
कुत्र्याला स्वेटर.

मी बोटांवर पाच-सात-पाच मोजत बसले की म्हणत,
बोटं खाली ठेवा, काट्याकडे बघा.

एक शब्द मात्र मला कधीच उचलता आला नाही.
त्यांच्या ओळीशेवटी येतो, ‘या’.
अर्थ काही नाही.
श्वास अडतो, उंबऱ्यावर पाऊल थांबतं, तेवढाच.
मी कधी रेघ ओढली, कधी उद्गारचिन्ह,
कधी नुसतीच जागा सोडली.
आमच्याकडे तो आहे, मी एकदा सांगितलं,
पण आम्ही तो दारात उभं राहून म्हणतो,
आलेल्याला, आणि निघालेल्यालाही.
बराच वेळ गप्प राहिल्या.
लोहगावला, बॅग ढकलताना, जोडाक्षर नसलेलं एक मराठी वाक्य
त्यांनी पाठ केलं होतं:
‘मी येते.’

फाल्गुनात कार्ड आलं. देवनागरीत, शाळकरी अक्षर:

    बुचाची फुलं, या
    झाडू खांद्यावर घेऊन
    कोण थांबलंय?

भाषांतराला काही उरलंच नव्हतं.
कार्ड घेऊन गल्लीत गेले तर तिथं दुसरीच बाई.
शेवंताबाई चौथ्या दिवशी सापडल्या, कर्वे रोडला.
वाचून दाखवलं. पदराला हात पुसून
त्यांनी कार्ड उलटंसुलटं पाहिलं, तिकीटही पाहिलं.
‘सांगा त्यांना, बदली झाली.’
इथं काय पडतं, मी विचारलं.
‘पिशव्या. बारा महिने.’

कळवलं कुराशिकीला.
उत्तर यायला सव्वा महिना लागला:
वहीच्या शेवटी एक पान
ऋतू नसलेल्या शब्दांसाठी सोडायचं असतं.
त्यात घाला.
आणि शेवंताबाईंना विचारा,
किती पाट्या.